शहरी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे मापन आणि अल्पखर्ची संवेदकांचे जाळे : भिवंडी शहराच्या विशेष संदर्भात

सारांश

शहरांतून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचा हिशोब बहुधा इंधन व विजेच्या खपाच्या आकड्यांवरून केला जातो. हवेत प्रत्यक्ष किती वायू मिसळला याची पडताळणी क्वचितच होते. गेल्या दीड दशकात स्वस्त संवेदकांची जाळी उभारून ही पडताळणी करण्याचे प्रयोग अमेरिका व युरोपातील काही शहरांत झाले आहेत. प्रस्तुत लेखात या संवेदकांचे कार्य, त्यांतील त्रुटी, त्यांच्या जाळ्यामागील तत्त्व आणि भिवंडीसारख्या यंत्रमाग व गोदामांच्या शहरातील त्याची उपयुक्तता यांचे विवेचन केले आहे. संवेदकांचे जाळे कोठे व केव्हा ज्वलन होते हे सांगू शकते. परंतु भिवंडीच्या मागांना लागणाऱ्या विजेचा धूर ते पाहू शकत नाही. म्हणून जाळे आणि खपावर आधारित हिशोब या दोहोंची सांगड घालणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कार्बन डायऑक्साइड, अल्पखर्ची संवेदक, अंशशोधन, शहरी उत्सर्जन, यंत्रमाग, सायझिंग, भिवंडी.

प्रस्तावना

हवामानबदलाची चर्चा जागतिक पातळीवर होत असली तरी उत्सर्जन मात्र विशिष्ट ठिकाणी होते. ते एखाद्या बॉयलरच्या चिमणीतून, रस्त्यावर खोळंबलेल्या मालमोटारीतून, स्वयंपाकघरातील शेगडीतून किंवा पेटवलेल्या कचऱ्याच्या ढिगातून होते. हे स्रोत बहुतांशी शहरांत एकवटलेले असल्याने उत्सर्जन कमी करण्याची जबाबदारीही शहरांवर येते. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०१९ या वर्षाचे शहराचे उत्सर्जन २३.४२ दशलक्ष टन कार्बन डायऑक्साइड समतुल्य इतके दाखविले असून, त्यातील सुमारे ७२ टक्के वाटा ऊर्जावापराचा आहे. हा आकडा वीजबिले, इंधनविक्री, वाहनसंख्या व कचऱ्याचे वजन यांवरून काढलेला आहे. अशा हिशोबास उत्सर्जन सूची असे म्हणतात.

सूचीची पद्धत उपयुक्त असली तरी तिला एक मूलभूत मर्यादा आहे. ज्याची नोंद होते तेच सूचीत येते. परवानाधारक पंपावर विकलेले डिझेल नोंदले जाते. बॉयलरमध्ये जाळलेले लाकूड, चिंध्या किंवा प्लास्टिकचा कचरा यांची नोंद विश्वासार्ह असेलच असे नाही. जेथे उद्योग लहान, विखुरलेले व अंशतः असंघटित आहेत तेथे ही उणीव अधिक जाणवते. भिवंडी हे असेच शहर आहे.

शासकीय हवामापन केंद्रांकडूनही ही उणीव भरून निघत नाही. २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय परिवेशी हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकांचा समावेश आहे; कार्बन डायऑक्साइड त्यांत नाही. हा वायू शहरी हवेत आढळणाऱ्या प्रमाणात श्वसनास अपायकारक नसल्याने आरोग्यविषयक मानकांत त्याला स्थान नसणे स्वाभाविक आहे. परिणामी नेहमीच्या केंद्रांवर त्याचे मापन करण्याचे बंधन नाही आणि शहराच्या उत्सर्जनाची हवेतून पडताळणी होत नाही.

उद्दिष्टे

१) कार्बन डायऑक्साइड मापनाची परंपरा व अल्पखर्ची संवेदकांचे कार्यतत्त्व स्पष्ट करणे.
२) संवेदकांच्या जाळ्यांच्या उपलब्ध अनुभवाचा आढावा घेणे.
३) भिवंडीच्या संदर्भात अशा जाळ्याची शक्यता व मर्यादा तपासणे.
४) या कार्यात स्थानिक महाविद्यालयांची संभाव्य भूमिका मांडणे.

१. मापनाची परंपरा : मौना लोआ ते सिंहगड

हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या अखंड व अचूक मापनाचा आरंभ अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे केला. त्या वेळी दर दशलक्ष भाग हवेत सुमारे ३१३ ते ३१५ भाग इतका हा वायू होता. या एककास पीपीएम असे संबोधले जाते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण सुमारे २८० पीपीएम होते. २०१३ मध्ये मौना लोआ येथील दैनिक सरासरीने प्रथमच ४०० पीपीएमचा टप्पा ओलांडला, तर २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४ पीपीएमच्या पुढे गेली.

भारतात या मापनाची सुरुवात कोकण किनाऱ्यावर झाली, ही गोष्ट मराठी वाचकास विशेष वाटावी अशी आहे. गोव्यातील काबो द राम येथे १९९३ ते २००२ या काळात ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या सहकार्याने हवेचे नमुने काचेच्या कुप्यांत गोळा करण्यात आले. स्थळाची निवड विचारपूर्वक केलेली होती. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तेथे अरबी समुद्रावरील स्वच्छ हवा येते आणि हिवाळ्यात भारतीय भूभागावरून वाहत आलेली हवा येते. एकाच ठिकाणी दोन निरनिराळ्या प्रदेशांच्या हवेचे मापन शक्य झाले. पुढे २००९ पासून पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सिंहगडावर अशाच नमुन्यांचे संकलन सुरू केले.

ही सर्व स्थळे शहरांपासून दूर आहेत. शहराचा प्रभाव टाळणे हाच तेथील निवडीचा निकष होता. शहराचे स्वतःचे उत्सर्जन मोजायचे असेल तर निकष उलट होतो. यंत्रे शहरातच आणि तीही अनेक ठिकाणी ठेवावी लागतात. येथे खर्चाचा प्रश्न उभा राहतो. संशोधनासाठी वापरले जाणारे लेसर तंत्रावरील विश्लेषक लाखो रुपयांचे असतात. उलट अल्पखर्ची संवेदकाचा सुटा भाग काही हजार रुपयांपासून उपलब्ध होतो.

२. अल्पखर्ची संवेदकाचे कार्यतत्त्व

या संवेदकामागील तत्त्व जुने आहे. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषून घेतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. हा वायू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण विशेष तीव्रतेने शोषतो. संवेदकात एका टोकाला अवरक्त किरणांचा लहानसा दिवा, मध्ये हवा खेळती राहील अशी नळी आणि दुसऱ्या टोकाला गाळणी बसविलेला शोधक असतो. ही गाळणी केवळ वरील तरंगलांबीचे किरण शोधकापर्यंत जाऊ देते. हवेत हा वायू जितका अधिक, तितके शोधकापर्यंत पोहोचणारे किरण कमी. या घटीवरून वायूचे प्रमाण काढले जाते.

तत्त्व सोपे असले तरी त्रुटी अनेक आहेत. त्यांपैकी तीन भिवंडीच्या हवामानात विशेष महत्त्वाच्या ठरतात.

पहिली त्रुटी दाबाची. संवेदक प्रत्यक्षात नळीतील रेणूंची संख्या मोजतो. हवेचा दाब एक टक्क्याने बदलला तर रेणूंची संख्याही त्याच प्रमाणात बदलते. कोकणपट्टीत हिवाळा व पावसाळा यांच्या सरासरी दाबात सुमारे १० हेक्टोपास्कल, म्हणजे जवळपास एक टक्का फरक असतो. दाबाची दुरुस्ती न केल्यास ४२० पीपीएमच्या वाचनात सुमारे ४ पीपीएमचा फसवा बदल दिसेल.

दुसरी त्रुटी बाष्पाची. तीस अंश सेल्सिअस तापमानाच्या संपृक्त हवेत सुमारे ४.२ टक्के रेणू पाण्याच्या वाफेचे असतात. ही वाफ इतर वायूंची जागा घेते. कोरड्या हवेत ४२० पीपीएम असलेले प्रमाण अशा दमट हवेत सुमारे ४०२ पीपीएम इतकेच भरते. हिवाळ्यातील कोरड्या दिवशी, बाष्प एक टक्का असताना, ही घट केवळ ४ पीपीएम असते. म्हणजे शहराच्या उत्सर्जनात काडीचाही बदल न होता केवळ ऋतुमानामुळे १३ ते १४ पीपीएमचा फरक दिसू शकतो. यासाठी प्रत्येक संवेदकासोबत तापमान, आर्द्रता व दाब मोजणारी साधने बसवून सर्व वाचने कोरड्या हवेच्या प्रमाणात रूपांतरित करावी लागतात.

तिसरी त्रुटी कालानुरूप होणाऱ्या विचलनाची. दिवा मंदावतो, नळीवर धूळ बसते आणि वाचन हळूहळू सरकत जाते. बाजारात मिळणाऱ्या अनेक संवेदकांत यावर एक स्वयंचलित उपाय योजलेला असतो. ठरावीक दिवसांतील सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची शुद्ध हवा असे गृहीत धरून यंत्र आपले वाचन त्या आकड्याशी जुळवून घेते. बंद खोलीतील वायुवीजन तपासण्यासाठी ही युक्ती चालते. शहराच्या हवेतील वाढ मोजताना मात्र ती घातक ठरते, कारण जी वाढ मोजायची तीच यंत्र पुसून टाकते. म्हणून ही सोय बंद करणे ही पहिली अट होय.

या त्रुटी दूर करता येतात. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा स्वस्त संवेदक अचूक विश्लेषकाशेजारी ठेवून तपासले. मूळ वाचनांतील त्रुटी ५ ते २१ पीपीएम होती. दाब, तापमान व बाष्प यांची दुरुस्ती केल्यानंतर ती १.७ ते ४.३ पीपीएमपर्यंत खाली आली. स्वस्त संवेदकाची खरी किंमत त्याच्या खरेदीत नसून अशा अंशशोधनात आहे, असा याचा अर्थ होतो.

३. जाळ्याची संकल्पना व उपलब्ध अनुभव

एका संवेदकाचे वाचन त्याच्या शेजारच्या शेगडीमुळेही बदलू शकते. अनेक संवेदक एकाच वेळी मोजत असतील तर स्थानिक गडबड व शहरव्यापी बदल वेगळे ओळखता येतात. संख्याशास्त्रानुसार यादृच्छिक त्रुटी संवेदकांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते; ५ पीपीएम त्रुटीच्या २५ संवेदकांच्या सरासरीतील त्रुटी १ पीपीएम इतकी राहते. मात्र सर्वच संवेदक एकाच दिशेने चुकत असतील तर त्यांची संख्या कितीही वाढविली तरी ती चूक तशीच राहते. वर वर्णिलेली बाष्पाची त्रुटी याच प्रकारातील आहे.

या कल्पनेचा सर्वाधिक परिचित प्रयोग कॅलिफोर्नियातील बर्कले येथे रोनाल्ड कोहेन यांच्या मार्गदर्शनाखाली २०१२ मध्ये सुरू झाला. सुमारे दोन किलोमीटर अंतरावर एक याप्रमाणे शाळा व अन्य इमारतींच्या छपरांवर मापनकेंद्रे बसविण्यात आली. प्रत्येक केंद्रावर कार्बन डायऑक्साइडसह कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, ओझोन व सूक्ष्मकण मोजले जातात. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे निर्बंध लागू झाले तेव्हा या जाळ्याने पहिल्या सहा आठवड्यांत उत्सर्जनात सुमारे ३० टक्के घट नोंदविली. त्यातील मुख्य वाटा वाहतुकीतील सुमारे ४८ टक्के घटीचा होता. एवढा मोठा बदल टिपणे तुलनेने सोपे होय. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात याच जाळ्याने २०१८ ते २०२२ या काळात दरवर्षी सुमारे १.८ टक्के इतकी मंद घटही दाखवून दिली व तिचा संबंध विद्युत वाहनांच्या वाढत्या वापराशी जोडला. धोरणाचा परिणाम हवेतून तपासता येतो, याचा हा पुरावा मानता येईल.

स्वित्झर्लंडमध्ये २०१७ पासून देशभर सुमारे ३०० अतिस्वस्त संवेदक बसविण्यात आले. त्यांची अचूकता ८ ते १२ पीपीएम इतकीच आढळली. रस्त्यालगतची मोठी वाढ किंवा रात्री दरीत साचणारा वायू त्यांना दिसला. सूक्ष्म फरक दिसले नाहीत. या दोन अनुभवांची तुलना उद्बोधक आहे. संवेदक किती स्वस्त असावा, हे कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे यावर अवलंबून असते.

मुंबई महानगर प्रदेशातही अल्पखर्ची संवेदकांची एक मोठी चाचणी झाली आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ व आयआयटी कानपूर यांनी नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मंडळाच्या १५ केंद्रांवर चार भारतीय नवउद्योगांनी बनविलेले ४० संवेदक प्रमाणित यंत्रांशेजारी ठेवून तपासले. ही चाचणी सूक्ष्मकणांच्या मापनाची होती, कार्बन डायऑक्साइडची नव्हे. तरीही देशी बनावटीची साधने, विदासंप्रेषण आणि प्रमाणित यंत्राशी तुलना या तिन्ही गोष्टी या प्रदेशात शक्य आहेत, हे तिने सिद्ध केले.

४. भिवंडी : संवेदकास काय दिसेल, काय दिसणार नाही

भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ७,०९,६६५ असून क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस किलोमीटर आहे. देशातील यंत्रमागांच्या प्रमुख केंद्रांत या शहराची गणना होते. माग घराघरांत, गाळ्यांत व पत्र्याच्या शेडमध्ये विखुरलेले आहेत. शहराच्या दक्षिणेस व पश्चिमेस अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी, पूर्णा, माणकोली या पट्ट्यात गोदामांची दाट वस्ती उभी राहिली आहे. मुंबई-नाशिक महामार्ग व जुना आग्रा रोड यांवरून मालमोटारींची अखंड वर्दळ असते.

या शहरातील कार्बनचे स्रोत दोन गटांत विभागता येतात.

पहिला गट शहरातच ज्वलन होणाऱ्या स्रोतांचा आहे. त्यांत सायझिंग कारखान्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. मागावर चढविण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ देऊन ते वाफेच्या उष्णतेने वाळविले जाते. ही वाफ बॉयलरमधून मिळते व बॉयलरमध्ये कोळसा, लाकूड किंवा टाकाऊ पदार्थ जाळले जातात. डाईंगच्या कारखान्यांतही वाफ व गरम पाणी लागते. याखेरीज मालमोटारी, रिक्षा व दुचाकी, वीज गेल्यावर चालणारी डिझेल जनित्रे, घरगुती गॅस, खानावळी व बेकऱ्यांच्या भट्ट्या आणि उघड्यावर जाळला जाणारा कचरा हे स्रोत आहेत. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो व एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा सर्व वायू शहराच्या हवेत मिसळतो व संवेदकास दिसू शकतो.

दुसरा गट विजेचा आहे. माग विजेवर चालतो आणि भिवंडीतील वीजवितरण २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी या नात्याने टोरेंट पॉवर ही कंपनी पाहते. उदाहरणादाखल एक अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने बारा तास चालली तर सुमारे ९ युनिट वीज लागते. देशातील विद्युत जालाचे सरासरी उत्सर्जन दर युनिटला सुमारे ०.७ किलो धरल्यास या एका मोटरीमागे दररोज सहा किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मात्र तो भिवंडीच्या हवेत जात नाही. तो कोळशावर चालणाऱ्या दूरच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या चिमणीतून बाहेर पडतो. मागांची संख्या लक्षात घेता हा भाग अत्यंत मोठा आहे, आणि भिवंडीत बसविलेला कोणताही संवेदक तो कधीही पाहू शकणार नाही.

हा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. संवेदकांच्या नकाशावर सायझिंगची चिमणी ठळक दिसेल आणि मागांचा परिसर निष्कलंक दिसेल. त्याच नकाशावर गोदामांकडे जाणारा रस्ता लाल दिसेल. पण त्या रस्त्यावरून जाणारा माल ज्या महानगरातील ग्राहकांसाठी आहे ते ग्राहक नकाशाबाहेर राहतील. मापनाचा निष्कर्ष जसाच्या तसा जबाबदारीचा निष्कर्ष मानला तर सर्वांत लहान कारखानदार व त्याचे कामगार यांच्यावर दोष येईल आणि उत्सर्जनाचा मोठा भाग चर्चेतून निसटेल. सबब संवेदकांचे जाळे वीजखपाच्या आकड्यांशी जोडूनच वाचले पाहिजे.

५. आकड्याचा अर्थ : श्वासाचे एक उदाहरण

संवेदकाचे वाचन वाढले म्हणजे उत्सर्जन वाढले, असा सरळ अर्थ काढता येत नाही. हे स्पष्ट करण्यासाठी एक सोपे गणित मांडता येईल. माणूस दिवसाला श्वासावाटे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. भिवंडीच्या ७.१ लाख लोकसंख्येचा हा श्वास दिवसाला सुमारे ७१० टन होतो. म्हणजे सुमारे २ लाख ६० हजार लिटर डिझेल जाळल्याइतका. दुपारी उन्हाने तापलेली हवा उभी मिसळते. मिश्रणाचा थर एक किलोमीटर जाडीचा, वारा सेकंदाला दोन मीटर आणि शहराची लांबी पाच किलोमीटर धरल्यास या श्वासामुळे हवेतील प्रमाण जेमतेम ०.४ पीपीएम वाढेल. हिवाळ्यातील रात्री जमिनीलगतचा थर शंभर मीटरपर्यंत आकसला व वारा सेकंदाला एक मीटर इतका मंदावला तर तोच श्वास सुमारे ९ पीपीएमची वाढ घडवील. उत्सर्जन तेच, वाचन मात्र वीसपट.

या उदाहरणातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वाऱ्याचा वेग, दिशा व मिश्रणथराची उंची यांच्या माहितीविना कार्बन डायऑक्साइडचे वाचन अपुरे आहे. यासाठी भारतीय हवामान विभागाच्या सांताक्रूझ येथील फुग्यांद्वारे होणाऱ्या उच्च वातावरणीय निरीक्षणांचा आधार घेता येतो. दुसरा निष्कर्ष असा की, सर्व कार्बन सारखा नसतो. श्वासातील कार्बन धान्यातून येतो व धान्याने तो एखाद्या हंगामापूर्वीच हवेतून घेतलेला असतो. त्यामुळे हवामानाच्या दृष्टीने त्याची निव्वळ भर पडत नाही. परंतु पीक दूरच्या शेतात वाढते आणि श्वास भिवंडीत सोडला जातो. संवेदकास हा भेद कळत नाही.

हा भेद करण्याचे दोन मार्ग आहेत. जीवाश्म इंधनांतील किरणोत्सारी कार्बन लक्षावधी वर्षांत नष्ट झालेला असतो, तर श्वासातील व लाकडाच्या धुरातील कार्बनमध्ये तो असतो. हवेच्या काही नमुन्यांतील किरणोत्सारी कार्बन मोजून जीवाश्म इंधनाचा वाटा ठरविता येतो. अशा मापनाची सोय अहमदाबाद येथील भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आहे. दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे. कोंडलेल्या, अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड अधिक बाहेर पडतो. धुमसणारा कचरा व लाकूड यांत त्याचे कार्बन डायऑक्साइडशी प्रमाण अधिक असते, सुस्थितीतील डिझेल इंजिनात ते कमी असते आणि श्वासात जवळपास नसतेच. म्हणून दोन्ही वायू एकत्र मोजणारे केंद्र केवळ एक वायू मोजणाऱ्या केंद्रापेक्षा कितीतरी बोलके ठरते.

६. भिवंडीसाठी जाळ्याची संभाव्य रूपरेषा

दोन किलोमीटर अंतराचे मान धरल्यास महानगरपालिका क्षेत्रासाठी सहा ते सात केंद्रे लागतात. गोदामांचा पट्टा व शहराबाहेरील संदर्भ केंद्रे धरून सुमारे बारा केंद्रांचे जाळे पुरेसे ठरावे. त्याची मांडणी करताना पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतील.

(अ) स्थाननिश्चिती : काही केंद्रे वाहतुकीच्या ठिकाणी, उदाहरणार्थ कल्याण नाका, वंजारपट्टी नाका व अंजूरफाटा परिसरात असावीत, काही शांतीनगर, नारपोलीसारख्या माग व कारखान्यांच्या वस्तीत, तर काही कामतघरसारख्या तुलनेने मोकळ्या भागात असावीत. संवेदक चिमणीच्या अगदी शेजारी ठेवू नये. उष्ण धूर वर चढून त्याच्या डोक्यावरून निघून जाण्याची शक्यता असते.

(आ) पार्श्वभूमीचे मापन : शहराची भर काढण्यासाठी शहरात येणाऱ्या हवेतील प्रमाण माहीत असावे लागते. काबो द रामचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून व हिवाळ्यात बराच काळ ईशान्येकडून येत असल्याने शहराच्या दोन्ही बाजूंस एकेक संदर्भ केंद्र हवे. पश्चिमेस तुंगारेश्वरचे जंगल आहे. झाडे दिवसा हा वायू शोषतात व रात्री सोडतात, त्यामुळे जंगलालगतच्या केंद्राची वाचने दुपारचीच विचारात घेणे इष्ट ठरेल.

(इ) अंशशोधन : बसविण्यापूर्वी सर्व संवेदक किमान काही आठवडे एकाच छपरावर शेजारी शेजारी ठेवून त्यांची परस्परांशी व शक्य झाल्यास अचूक विश्लेषकाशी तुलना करावी. एक फिरता संवेदक दर महिन्यास प्रत्येक केंद्रावर नेऊन विचलन तपासावे. पावसाळ्याच्या आधी व नंतर ही तुलना पुन्हा करणे अपरिहार्य आहे.

(ई) देखभाल : भिवंडीच्या हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. हवा आत घेणाऱ्या जाळीवर ते साचून प्रवाह अडतो. जाळीची नियमित सफाई, पावसापासून संरक्षण व वीज खंडित झाल्यास पर्यायी बॅटरी या साध्या गोष्टींवरच जाळ्याचे आयुष्य अवलंबून राहील.

(उ) नैसर्गिक प्रयोगांचा लाभ : मंदीच्या काळात किंवा सुताच्या दरवाढीच्या निषेधार्थ माग बंद ठेवले जातात, सणासुदीत कामगार गावी जातात. अशा वेळी सायझिंगही थंडावते. या दिवसांची तुलना नेहमीच्या दिवसांशी केल्यास त्या स्रोतांचा वाटा ताडून पाहता येईल. याच काळातील वीजखपाची घट स्वतंत्रपणे नोंदविल्यास दूरच्या वीजकेंद्रातील अदृश्य घटही हिशोबात येईल.

या सर्व कामासाठी स्थानिक महाविद्यालये ही स्वाभाविक जागा आहे. त्यांच्याकडे छपरे आहेत, सुरक्षितता आहे आणि दरवर्षी नवे विद्यार्थी येत असल्याने मनुष्यबळाचे सातत्य आहे. हे काम एका विषयाचे नाही. संवेदकाचे तत्त्व भौतिकशास्त्राचे, ज्वलन रसायनशास्त्राचे, वाऱ्याचा अभ्यास भूगोलाचा, त्रुटींचे गणित संख्याशास्त्राचे, मागाचे अर्थकारण वाणिज्य व अर्थशास्त्राचे आणि जबाबदारीचा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. मात्र तीन महिन्यांच्या प्रकल्पातून काहीही हाती लागणार नाही. सलग तीन ते पाच वर्षे मापन झाले तरच कल दिसू शकतो. बर्कलेच्या जाळ्यास मंद घट दाखविण्यासाठी पाच वर्षांची वाचने लागली, ही बाब ध्यानात ठेवणे उचित होय.

७. मर्यादा व दक्षता

अल्पखर्ची जाळ्याची वाचने कायदेशीर पुरावा ठरत नाहीत. एखाद्या विशिष्ट कारखान्यावर त्यांच्या आधारे आरोप करणे अशास्त्रीय ठरेल. तद्वतच ही वाचने जनतेसमोर मांडताना गैरसमज टाळणे आवश्यक आहे. ४५० पीपीएम म्हणजे विषारी हवा नव्हे. भरलेल्या, कोंदट वर्गखोलीत हे प्रमाण सहज १००० पीपीएमच्या पुढे जाते. भिवंडीतील रहिवाशांच्या आरोग्यास धोका आहे तो प्रामुख्याने धुरातील सूक्ष्मकण व विषारी वायूंचा. म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या केंद्रावर सूक्ष्मकणही मोजले जावेत. बॉयलरचे इंधन सुधारले तर दोन्ही आकडे एकत्र खाली येतील आणि जागतिक हेतूने केलेल्या मापनाचा लाभ चिमणीशेजारी राहणाऱ्या कुटुंबास मिळेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. अल्पखर्ची संवेदकांची उपयुक्तता एकट्या यंत्रात नसून त्यांच्या जाळ्यात, नियमित अंशशोधनात व दीर्घ सातत्यात आहे. भिवंडीसारख्या दमट हवामानाच्या शहरात बाष्प व दाब यांची दुरुस्ती न केलेली वाचने दिशाभूल करतील. योग्य रीतीने उभारलेले जाळे सायझिंग, वाहतूक व कचराज्वलन यांचे स्थळ व काळ दाखवू शकेल. नोंदींतून निसटणारे इंधन हिशोबात आणू शकेल. परंतु या शहराच्या कार्बनचा मोठा भाग विजेच्या तारांतून येतो आणि त्याचा धूर दुसऱ्याच जिल्ह्याच्या आकाशात जातो. छपरावरील संवेदक आणि मागाचे वीजमीटर ही दोन्ही वाचने एकाच कागदावर मांडली जातील, तेव्हाच भिवंडीचा कार्बनचा हिशोब पूर्ण व न्याय्य होईल.